चुकल्याचे पेढे

सरांना कुणी ‘तज्ज्ञ’ म्हटलं की ते हळूच मान वळवून मागे बघायचे. मागे कुणी उभं आहे का, ते तपासत असावेत. एकदा कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीने “आंतरराष्ट्रीय संबंध आणि सुरक्षा या विषयांतले थोर तज्ज्ञ...” अशी आरोळी ठोकली, तर सर शेजारी बसलेल्या फिजिक्सच्या मास्तरांना म्हणाले, “उठा, तुम्हाला बोलावतायत.” आणि ते बिचारे अर्धवट उठलेसुद्धा.

मी सरांची विद्यार्थिनी. पुढे नाशिकच्या त्याच कॉलेजात, त्यांच्याच खात्यात लागले आणि त्यांच्या समोरच्या टेबलावर बसले. म्हणजे हा माणूस मी बाकावरूनही पाहिला आणि टेबलावरूनही. दोन्हीकडून त्यांनी मला सारखाच वैताग आणला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुठे माझा आवाज हळवा झाला तर हसू नका.

त्यांचा पहिला तास कुणीच विसरत नाही. पोरं वह्या काढून बसली की सर म्हणायचे, “वह्या आत. एकेकाने उभं राहा आणि मोठ्याने म्हणा, मला माहीत नाही.” बस्स, तेवढाच तास. साठ पोरं, साठ वेळा ‘मला माहीत नाही’. मी निफाडकडच्या खेड्यातली. आमच्याकडे शाळेत ‘माहीत नाही’ म्हटलं की पाठीत धपाटा बसायचा. मी पुटपुटले, तर सर म्हणाले, “मोठ्याने. लाजायचं काय त्यात? चोरी केलीस का?” माझ्यामागे सायखेड्याचा एक मुलगा होता. तो उठून म्हणाला, “नाय माहीत सर. आन माझ्या बापालाबी नाय.” सगळा वर्ग हसला. सर मात्र खूश. “शाब्बास! हा पुढे जाणार.” तो पुढे गेला की नाही, मला माहीत नाही.

पेपर तपासताना सरांचं छातीठोक शब्दांशी हाडवैर होतं. उत्तरात ‘निश्चितच’ दिसलं की अर्धा मार्क गेला. ‘निःसंशय’ असेल तर एक. माझ्या एका उत्तरात ‘निश्चितच’ चार वेळा आलं होतं. कडेला लाल शाईत लिहिलं होतं, ‘तुम्ही तिथे होता का?’ मी रागाने त्यांच्याकडे गेले. म्हणाले, “नव्हतीस ना? मीही नव्हतो. मग कशाला छाती काढायची?”

आणि मजा अशी, की विषय कुठला? युद्ध! लोक विचारणार ते हेच की होणार का. सरांच्या प्रबंधाचा विषय होता लढाई सुरू होण्याआधीचा महिना. त्यासाठी ते तरुणपणी कुठकुठल्या देशांच्या सीमेवरच्या गावांत जाऊन राहिले होते. तिथल्या सेनापतींना ते भेटलेच नाहीत. भेटले ते बेकरीवाल्यांना, स्टेशनमास्तरांना, सुइणींना, शाळेच्या शिपायांना. त्यांचं म्हणणं असं, की पुढारी भाषणात काय बोलतो ते सोडा. त्याच्या गावातली पाववाली सकाळी वेळेवर येते का ते बघा. मास्तरांची स्वतःची पोरं शाळेत जातायत का बघा. तरुण बायका माहेरी निघाल्यात का बघा. या प्रबंधावर परदेशातली माणसं भाषणं देत. सरांना दिल्लीहून बोलावणी येत, एकदा तर थेट युरोपातून आलं. आणि कॉलेज रोडच्या भाजीवाल्या मावशी त्यांना विचारत, “सर, कांद्याची निर्यात कधी खुलायची हो?”

“मला माहीत नाही, मावशी.”

“मंग तुम्ही नेमके कशातले डाक्टर?”

हा किस्सा सर स्वतःच सगळ्यांना सांगत. त्यांची बायको, आमच्या काकू, पोहे ढवळता ढवळता वर पुस्ती जोडायच्या, “चाळीस वर्षं ‘माहीत नाही’ शिकवायचा पगार घेतलाय या माणसाने. आणि घरात विचारा, गॅसची टाकी कधी संपेल? तेही माहीत नाही.”

एकदा सीमेवर काहीतरी गडबड झाली, तेव्हा इथल्या एका चॅनेलने सरांना बोलावलं. मी सोबत गेले होते. सरांच्या नावाखाली ‘संरक्षणतज्ज्ञ’ अशी पट्टी, मागे पडद्यावर रणगाडे धावतायत, कानठळ्या बसवणारं संगीत. निवेदक पोरगा अंगात आल्यासारखा ओरडला, “सर, महाराष्ट्राला एका शब्दात सांगा, युद्ध होणार की नाही?”

सर म्हणाले, “माहीत नाही.”

“हे दोन शब्द झाले सर, हा हा! पण अंदाज?”

“अंदाज नाही. पण मला एक सांगा, तिकडच्या गावातली पोरं आज शाळेत गेली का? ते कुणी विचारलंय?”

ते कुणीच विचारलं नव्हतं. ब्रेक झाला, आणि ब्रेकनंतर सरांच्या खुर्चीवर दुसरेच गृहस्थ होते. त्यांना सगळं माहीत होतं, तारखेसकट. सरांनी खाली कँटीनमध्ये कटिंग घेतला आणि म्हणाले, “बरं झालं बाई, सुटलो.” मला मात्र असा संताप आला होता! त्या चॅनेलचा आलाच, पण सरांचाही. एवढा शिकलेला माणूस, कधीतरी ठामपणे काही बोलेल की नाही?

पुढे ते बोलले. आणि बोलले ते माझ्याच धाकट्या बहिणीच्या बाबतीत.

वैशाली, आमची वैशू, तेव्हा परदेशात डॉक्टरकी शिकत होती. तिसरं वर्ष. देशाचं नाव लिहीत नाही, तिचं अजून तिथे येणं-जाणं असतं. त्या देशाचं शेजाऱ्याशी फाटलं. दोन्हीकडच्या फौजा सीमेवर येऊन उभ्या राहिल्या. रोज बातम्या, रोज आईचं रडणं. वैशूची वार्षिक परीक्षा अकरा दिवसांवर. परत आली तर वर्ष बुडणार, न आली तर... त्या ‘तर’च्या पुढे घरात कुणी जात नव्हतं. तिला पाठवणारा एजंट सांगायचा, काही होत नाही. दूतावासाच्या सूचनेत होतं, आवश्यक नसल्यास थांबू नये. आता परीक्षा ही आवश्यक की अनावश्यक, ते कुणी ठरवायचं?

मीच नानांना, म्हणजे माझ्या वडिलांना, म्हटलं, “आमच्या सरांना विचारू.” द्राक्षांची काढणी चालू होती, शेडमध्ये क्रेट भरायचं काम होतं, तसेच हातावरची माती झटकून नाना जीपने नाशिकला आले. सरांच्या घरी खुर्चीच्या अगदी काठावर बसले.

“सर, आम्हाला यातलं काही कळू नाय राहिलं. पोरीला बोलवू का राहू देऊ? तुम्ही म्हणाल तसं करतो.”

मला वाटलं, आता येणार ‘मला माहीत नाही’. पण सर बराच वेळ नानांच्या हातांकडे बघत राहिले आणि म्हणाले, “तिला फोन लावा. मला तिच्याशी बोलू दे.”

व्हिडिओवर वैशू आली. केस विंचरलेले नाहीत, डोळ्यांखाली काळं. सरांनी विचारलं, “बाळ, तुझ्या मेसची पाववाली सकाळी येते का?”

वैशूने माझ्याकडे असं पाहिलं, की ताई, हा कोण माणूस आणलास! म्हणाली, “येते. सहाला. रोजच्यासारखी.”

“तुमच्या मॅडमची मुलं शाळेत जातात?”

“हो. सकाळीच बस आली होती.”

सर जरा सैलावले. काकूंनी नानांपुढे चहा ठेवला. सरांनी सहज विचारावं तसं विचारलं, “आणि हॉस्पिटलात जाताय ना रोज?”

“नाही ना सर. परवापासून बंद केलंय. वॉर्ड रिकामे करतायत. साधे पेशंट घरी पाठवले, कॉटसुद्धा बाहेर काढल्यात. सिस्टरना विचारलं तर म्हणाल्या, वरून ऑर्डर आहे. आणि आमच्या सगळ्यांचं रक्त घेतलं. तीन दिवस कँप होता.”

सर उभेच राहिले. त्यांचा चेहरा असा झालेला मी कधी पाहिला नव्हता. रिकामे वॉर्ड आणि साठवलेलं रक्त, म्हणजे जखमींची तयारी! ते काय समजले ते मला लगेच कळलं, मीही त्यांचीच विद्यार्थिनी ना.

“बाळ, उद्या निघ. परीक्षा राहू दे.”

नाना म्हणाले, “सर, वरीस जाईल तिचं. नक्की का?”

आणि सर म्हणाले, “निश्चित.”

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. ज्या शब्दासाठी माझे दोन मार्क खाल्ले होते, तो शब्द! त्या क्षणी मला भीती वाटली, ती युद्धाची कमी आणि त्या शब्दाची जास्त.

वैशू आली. आईने तिची दृष्ट काढली, गल्लीत सगळे भेटून गेले. तिच्या वर्गातल्या बाकीच्या आपल्याकडच्या मुली मात्र तिथेच थांबल्या. आम्ही रोज टीव्ही लावून बसायचो. आठ दिवस गेले. काही नाही. परीक्षा सुरू झाली. काही नाही. परीक्षा संपली, मैत्रिणींनी केक कापल्याचे फोटो टाकले. मग एके दिवशी दोन्हीकडचे पुढारी कुठेतरी भेटले, हात मिळवले, आणि फौजा मागे. सगळ्या जगाने सुटकेचा निःश्वास टाकला. आमच्या घरात वैशू तोंडावर पांघरूण घेऊन झोपून राहिली.

त्याच आठवड्यात तिच्या मैत्रिणीचा फोन आला. ती हसत हसतच सांगत होती. हॉस्पिटलला पन्नास वर्षं पूर्ण झाली म्हणून आरोग्यमंत्री येणार होते. त्यासाठी वॉर्ड रंगवायला काढले होते. आणि रक्तदान शिबिर? तेही वर्धापनदिनानिमित्त!

नाना मग एकदम फुटले. “रंगकाम? रंगकामापायी पोरीचं वरीस घालवलं? आरं, आपल्या इथं साहेब येणार म्हणलं की झेडपीची शाळा रंगवत्यात, रक्तदानाचा मांडव पडतो. हे आमच्या शेडवरच्या बायांनाबी कळलं असतं! पाववाली तर येतच होती ना त्यांची?” आणि माझ्याकडे वळून म्हणाले, “तुझे सर.” त्यानंतर माझ्याशी बोलणं बंद.

खरंच सांगते, कुठल्याही नाशिककराला हे कळायला हवं होतं. पण परदेशातला मंत्रीही आपल्यासारखाच असेल, हे कुणाच्या डोक्यात येणार?

मी तशीच सरांकडे गेले. चांगलं खडसावायचं ठरवूनच गेले होते. ते टेबलावर परदेशी वर्तमानपत्रं पसरून बसले होते. मी म्हटलं, “सर, ते रंगकाम होतं.” आणि सगळं सांगितलं.

सरांनी हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवलं. मग खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत. पण ते हसत होते! डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होते. “रंगकाम! अगं ऐकलंस का, मी चुकलो! साफ चुकलो!” काकू स्वयंपाकघरातून लाटणं घेऊन धावत आल्या. तोवर सर पायात चपला सरकवून जिना उतरले आणि कोपऱ्यावरच्या डेअरीतून पेढे घेऊन आले. वर येता येता शेजारीपाजारी एकेक वाटलाही. “कशाचे हो सर?” “मी चुकलो त्याचे. युद्ध झालं नाही.” शेजारच्या जोशीकाकू पेढा हातात धरून माझ्याकडे बघायला लागल्या.

माझं डोकंच फिरलं. “सर, तुम्हाला हसू कसलं येतंय? तिचं वर्ष गेलं! घरात कुणी जेवत नाहीये. नाना माझ्याशी बोलत नाहीत.”

सरांच्या हातातला पुडा तसाच राहिला. “हं,” ते म्हणाले. “हे मात्र खरं. चल.”

“कुठे?”

“तुमच्या गावाला. चुकलोय तर तोंडावर जाऊन सांगायला नको?”

बागेत खरड छाटणी चालू होती. काढणीनंतर वेल पार बोडका करतात ना, ती. भर एप्रिलच्या उन्हात सर चप्पल हातात घेऊन ढेकळांतून चालत गेले आणि नानांसमोर हात जोडून उभे राहिले. “नाना, मी चुकलो. सबब सांगत नाही.”

नानांनी कात्री थांबवली नाही. “मोठं मन हाय तुमचं सर. पण त्यानं वरीस परत येतं का?”

“नाही येत.” सर तिथेच बांधावर बसले, आणि मला इतक्या वर्षांत कधी न सांगितलेली गोष्ट नानांना सांगायला लागले. सरांना नुकतीच डॉक्टरेट मिळाली होती तेव्हाची. एकलहऱ्याचा एक फिटर वीज केंद्रातलं काम सोडून आखातात गेला होता. तिकडे वातावरण तापलं, तशी त्याची बायको विचारायला आली. सरांनी भिंतीवरच्या नकाशावर पट्टी फिरवत तिला समजावलं, आणि म्हणाले, निश्चितच काही होणार नाही, त्याला तिथेच राहू द्या. आठ दिवसांत तिथे लढाई सुरू झाली. पाच महिने त्या माणसाचा पत्ता नाही. सुखरूप परत आला, पण तोवर त्याची आई दाराकडे बघत बघत गेली होती.

“पुढे एकदा त्या बाई बाजारात भेटल्या,” सर म्हणाले. “मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. नमस्कार केला आणि गेल्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं हो. तेव्हापासून मी ‘निश्चित’ म्हणत नाही. परवा तुमच्या मुलीसाठी म्हणालो, कारण ती थांबली असती आणि... नाना, एकदा ‘थांब’ सांगून चुकलो. आता ‘ये’ सांगून चुकलो. पेढे वाटले म्हणून ही रागावली माझ्यावर. पण मला काय वाटलं, ते मी कुणाला सांगू?”

नानांची कात्री थांबली होती. त्यांनी एका गड्याला हाक मारून पाणी आणायला सांगितलं, आणि तांब्या स्वतःच्या हाताने सरांना दिला.

पत्र सरांनी आमच्या ओट्यावरच लिहिलं, वैशूच्या कॉलेजच्या डीनना. दुसऱ्या दिवशी कॉलेजात ते टाईप करताना खात्यातल्या लोकांनी माझ्या खांद्यावरून वाचलं आणि एकच गिल्ला केला. “सर, असं काही लिहू नका, जगभर हसं होईल! आईचं आजारपण लिहा. सर्टिफिकेट आम्ही मिळवून देतो.” सर म्हणाले, “आजारपण कुणाला होतं? चूक मला झाली होती.” पत्रात साधारण असं होतं, की ही मुलगी परीक्षेला घाबरून पळाली नाही. तिने वडिलांचं ऐकलं, वडिलांनी माझं ऐकलं. मी आयुष्यभर सुरक्षा हाच विषय शिकवला, आणि आपल्या रंगाऱ्यांना मी युद्धाची तयारी समजलो. शिक्षा करायची तर माझ्या अकलेला करा, तिच्या वर्षाला नको. खाली पूर्ण नाव, सगळ्या पदव्या, हुद्दा. एरवी सर नावामागे ‘डॉक्टर’सुद्धा लावत नसत.

तीन आठवडे उत्तर नाही. वैशू रोज मेल उघडायची, बंद करायची. नाना माझ्याशी बोलायला लागले होते, पण एवढंच विचारायचे, “आलं का?” मी मनातून आशा सोडली होती. आणि एका दुपारी शेडमधून वैशूची किंकाळी ऐकू आली. आई हातातलं सूप टाकून धावली. डीनचं उत्तर होतं. जूनमध्ये पुरवणी परीक्षा द्यावी, वर्ष धरलं जाईल. आणि खाली एक ओळ, की आपलं पत्र आम्ही रंगाऱ्यांना वाचून दाखवलं, ते फार खूश आहेत.

नाना खाली बसले. फेटा काढून त्यानेच तोंड पुसलं आणि बराच वेळ तसाच तोंडावर धरून ठेवला.

परत जायच्या आदल्या दिवशी वैशूला घेऊन मी सरांकडे गेले. ती पाया पडली. काकूंनी तिच्या हातावर दही ठेवलं. सर अवघडून बसले होते, तिच्या नजरेला नजर देत नव्हते. शेवटी म्हणाले, “बाळ, यापुढे असं काही झालं तर मला विचारू नकोस. मला काही कळत नाही.”

“तुम्हालाच विचारणार,” वैशू म्हणाली.

“चुकणाऱ्या माणसाला?”

“हो. तुम्ही चुकलात तेव्हा मी घरी आईच्या हातचं जेवत होते ना, सर.”

सर उठून गॅलरीत गेले, आणि आम्ही निघेपर्यंत आत आले नाहीत.